‘एका चाचणीत हृदयाचं भविष्य’ या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात हा मेसेज मला चार जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: लाळेचा नमुना द्या, जनुकं तपासून घ्या, हार्ट अटॅक येणार की नाही ते कळेल. रिपोर्ट चांगला आला तर निर्धास्त राहा. वाईट आला तर ते रक्तातच आहे, औषध-पथ्याचा उपयोग नाही. कोलेस्टेरॉल वगैरे तपासण्या आता जुन्या झाल्या. आणि शेवटी, सगळ्या नातेवाइकांना पाठवा.

आमच्या घरात जनुकीय चाचणीचा खरोखर उपयोग झाला आहे, म्हणूनच हे वाचून गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा, ‘अटॅक येणार की नाही ते कळतं’. नाही कळत. ‘जनुकीय चाचणी’ या नावाखाली दोन अगदी वेगळ्या चाचण्या येतात, आणि मेसेजने त्यांची सरमिसळ केली आहे. एकीत एखाद्याच जनुकातला मोठा दोष शोधतात. दुसरीत जनुकांमधल्या असंख्य बारीक फरकांची बेरीज करून एक गुण देतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका गुणांकात ६६ लाख फरक मोजले होते, आणि त्यानुसार सुमारे ८ टक्के लोकांचा धोका बाकीच्यांच्या तिप्पट निघाला. तिप्पट ऐकून धस्स होतं. पण कशाच्या तिप्पट? मूळ धोका शंभरात एक असेल तर तिप्पट म्हणजे शंभरात तीन. शिवाय हे गुणांक ज्या अभ्यासांवर उभे आहेत त्यांत बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे होते. इतरांच्या बाबतीत अंदाज तितका नेमका येत नाही, आणि हे रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

‘चांगला आला तर निर्धास्त’ हे वाक्य मला सगळ्यात धोकादायक वाटतं. माझा स्वतःचा रिपोर्ट ‘दोष आढळला नाही’ असा आहे. माझ्या मोठ्या भावात, दादात, सापडलेला नेमका दोष माझ्यात नाही, एवढाच त्याचा अर्थ. माझं बीपी त्याने खाली येत नाही, त्याची गोळी मी रोज घेते. २००४ साली ५२ देशांतल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या अटॅकच्या धोक्यापैकी सुमारे ९० टक्के वाटा धूम्रपान, बीपी, मधुमेह, रक्तातली चरबी, पोटाचा घेर अशा नऊ मोजता येण्याजोग्या गोष्टींचा निघाला. आणि घराण्यात कोणाचीच तपासणी झालेली नसेल तर ‘आढळला नाही’ याला आणखी कमी वजन आहे. आनुवंशिक कोलेस्टेरॉलची, म्हणजे जन्मापासून कोलेस्टेरॉल खूप वाढवणाऱ्या आजाराची, लक्षणं स्पष्ट दिसत असूनही कित्येकांत त्यासाठी नेहमी तपासल्या जाणाऱ्या तीन जनुकांत काहीच सापडत नाही. म्हणून चाचणी आधी आजारी माणसाची करायची, मग इतरांची.

आता ‘वाईट आला तर उपयोग नाही’. इथे मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

दादाला बेचाळिसाव्या वर्षी अटॅक आला. वडील एकोणपन्नासाव्या वर्षी अचानक गेले होते, तरी आम्ही दोन्हींचा संबंध जोडला नव्हता. हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याच्या टाचेच्या वरची कंडरा, म्हणजे तिथे हाताला लागणारा दोरीसारखा भाग, दोन बोटांच्या चिमटीत धरून पाहिला. चांगलाच जाड होता. बूट घासून झालं असेल, असं आम्ही वर्षानुवर्षं समजत होतो. ते कोलेस्टेरॉल साठलं होतं. मग एलडीएलचा, म्हणजे रक्तातल्या वाईट कोलेस्टेरॉलचा, आकडा पाहिला, जनुकीय चाचणी झाली, आणि एलडीएलआर नावाच्या जनुकात दोष निघाला. याच जनुकातून बनणारा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे पेशीवरचं एक प्रथिन, पेशीच्या बाहेरचं एलडीएल पकडून आत घेतो. तो नीट काम करत नसेल तर एलडीएल रक्तातच फिरत राहतं, जन्मापासून. ही यंत्रणा उलगडणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. सुमारे अडीचशे ते तीनशे माणसांमागे एकाला हा आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा आजार असतो, म्हणजे तो दुर्मीळ मुळीच नाही.

दादाच्या मुलीतही तोच दोष निघाला. वहिनी त्या दिवशी खूप रडल्या. पण इतक्या लवकर कळणं हेच तर मोलाचं होतं. नेदरलँड्समध्ये हाच आजार असलेल्या २१४ मुलांना लहानपणी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू करून २० वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. वयाच्या ३९ व्या वर्षापर्यंत त्यांच्यापैकी १ टक्क्याला हृदयविकाराचा किंवा तत्सम झटका आला. त्यांच्याच दोषग्रस्त आईवडिलांत, त्याच वयापर्यंत, हे प्रमाण २६ टक्के होतं. दोष तोच, घराणं तेच, फरक गोळी वेळेवर मिळण्याचा. याला ‘उपयोग नाही’ म्हणायचं?

बारीक फरकांची बेरीज वाईट निघाली तरी तेच. २०१६ साली ५५ हजारांवर लोकांच्या अभ्यासात, जनुकीय धोका सर्वाधिक असलेल्या गटातही सिगारेट नाही, वजन आटोक्यात, व्यायाम, बरा आहार असं राहणाऱ्यांचा धोका तसं न राहणाऱ्यांपेक्षा ४६ टक्के कमी दिसला.

एक वेगळी काळजीही सांगते. घरबसल्या चाचणीतली कच्ची माहिती पाहून घाबरू नका. अशा माहितीत दाखवलेले दोष एका अभ्यासात वैद्यकीय प्रयोगशाळेत पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतले ४० टक्के मुळात नव्हतेच.

‘जुन्या तपासण्या’ हा मुद्दा लवकर संपतो. दादाचा आजार जनुकीय चाचणीच्या आधी साध्या एलडीएलच्या आकड्यातच दिसला. तो आकडा दहा वर्षांपूर्वी पाहिला असता तर, हा विचार अजून माझ्या मनातून जात नाही. लायपोप्रोटीन-ए या एलडीएलसारख्याच, धोका वाढवणाऱ्या चरबीच्या कणाचं प्रमाण तर बहुतांशी जनुकांवरच ठरतं, तरी ते साध्या रक्ततपासणीत मोजता येतं. प्रौढपणी एकदा तरी ते मोजावं, असं युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांनी २०१९ साली सुचवलं आहे.

राहिलं नातेवाइकांना पाठवणं. आम्हीही पाठवलं. दादाच्या रिपोर्टची प्रत, जनुकाचं आणि दोषाचं नेमकं नाव, आणि खाली तीन ओळी: हा दोष ज्याच्यात आहे त्याच्या प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते, आधी एलडीएल तपासा, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. दोन चुलत भावांनी लगेच तपासलं. धाकट्याचं एलडीएल २४०, म्हणजे खूपच जास्त, निघालं. वय एकतीस, कसलाच त्रास नव्हता. त्याची गोळी त्याच आठवड्यात सुरू झाली.