मामाचा एको रॅपला

परभणीत एका पोराच्या रॅपचा आवाज मी रेकॉर्ड करून नीट करून दिला आणि गणेश मंडळाच्या स्टेजवर तो वाजताना साउंडवाल्या अण्णांनी मिक्सरवरचं एकोचं बटन पार उजवीकडे फिरवलं. एक शब्द कळला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचाच जास्त राग आला.

"अण्णा, एको काढा."

"कामून? पोरगं कोरडं बोलायलंय."

"रॅप आहे तो. शब्द कळायला पाहिजेत."

"सप्ताहात महाराजांना एको देतो, लग्नात मामाला देतो. ह्या लेकरानं काय घोडं मारलंय?"

मी गणित मांडलं. बीट ९० बीपीएमचा, मिनिटाला ९० ठोके. म्हणजे एक ठोका ६६७ मिलीसेकंद, आणि पोरगं एका ठोक्यात चार अक्षरं कोंबतं, म्हणजे अक्षराला १६७. तुमचा एको अर्ध्या सेकंदानं परत येतो, म्हणजे चौथ्या अक्षराच्या बोकांडी पहिलं बसतं. अण्णांनी तंबाखू मळत शांतपणे ऐकलं.

"मिलीसेकंदाचं मला सांगू नका. मशीन दिल्लीहून आणलंय."

खरं तर अण्णांच्या जागी अण्णा बरोबर आहेत. 'मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात आणावं' हे माणूस थांबत-थांबत म्हणतो, एकोला मध्ये जागा मिळते. शिवाय मामा कुठंतरी जेवणाच्या पंगतीत असतो, त्याच्यापर्यंत आवाज जायलाच हवा. रॅपमध्ये मामा नसतो.

आणि इफेक्ट नव्हताच असं कुठं होतं? रेकॉर्डिंग गोधड्या टांगून, पंखा बंद करून. पोरगं घामाघूम झालं, पण पंख्याची घरघर एकदा आत शिरली की कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून बारीक आवाज वर आणणारा, तिलाही वर ओढून आणतो. मग तुम्ही रॅप कमी आणि पंखाच जास्त ऐकता. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि जरासा तिरका, कारण ह्या मंडळींची दर ओळ 'भावा'नं सुरू होते आणि त्या 'भ'ची हवा माइकवर आपटते. आवाजाची पातळी मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपास. मग ईक्यूनं, म्हणजे आवाजातले जाड-बारीक भाग कमी-जास्त करणाऱ्यानं, ९० हर्ट्झच्या खालचं सगळं कापायचं, ३००च्या आसपासचा घुमारा दोन-तीन डेसिबल उतरवायचा. कॉम्प्रेसर ४:१, म्हणजे हद्दीच्या वर चार डेसिबल गेलेला आवाज एकच डेसिबल वर राहतो, आणि अ‍ॅटॅक, म्हणजे तो किती वेळात दाबायला लागतो, ५ ते १० मिलीसेकंद. त्याहून जलद ठेवला की 'ट' आणि 'क'ची धारच जाते, आणि धार गेलेला रॅप म्हणजे वर्तमानपत्र वाचन. किती दाबलं ते दाखवणारी सुई चार-पाच डेसिबल हलली की पुरे. बारा हलवली तर दोन ओळींच्या मधला श्वास उधळलेल्या बैलासारखा ऐकू येतो. 'स' आणि 'श' टोचायला लागतात ते ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये, तिथं डी-एसर, तेवढीच टोच दाबणारा.

एकोही दिला होता हो! पण फक्त ओळीच्या शेवटच्या शब्दावर, पोरगं श्वास घेतं त्या फटीत. रिव्हर्ब, म्हणजे खोलीतला घुमणारा आवाज, सेकंदाच्या आतला, आणि तो २५ मिलीसेकंद उशिरा सुरू होईल असा प्री-डिले देऊन, म्हणजे शब्द आधी आणि खोली मागून. यमकाचे शब्द तेवढे दुसऱ्यांदा म्हणवून घेतले आणि आठ डेसिबल खाली ठेवले.

पोराला ऑटोट्यूनही हवा होता, 'लय सुटली तर सांभाळून घेईल' म्हणून. घेत नाही. ऑटोट्यून सूर ओढतो, तोही पट्टी बरोबर टाकली तर. लय ज्याची त्यानं सांभाळायची. १९९७ साली तो बाजारात आणणारे अँडी हिल्डेब्रँड आधी जमिनीत लहरी सोडून तेलाचे साठे शोधण्याचं गणित करायचे. तेल सापडवणाऱ्याला सूर सापडला. आमच्याकडं बोअरला पाणी लागेना.

हे सगळं अण्णांनी एका बोटानं पुसलं, आणि अण्णांना बॉक्सच्या हिशेबानं रोख पैसे मिळतात. बॅनरवर त्यांच्या साउंड सर्व्हिसचा फोटोसकट मान. माझं नाव खाली 'विशेष सहकार्य'मध्ये, पाणी जारवाल्याच्या शेजारी, आडनाव चुकवून. लॅपटॉपपुढं बसून केलेलं काम हे ह्या लोकांना कामच वाटत नाही. बॉक्स उचलताना घाम येतो, तो दिसतो.

पैशाचं विचारलं तर पोरगं म्हणालं, "दादा, सोयाबीन निघालं की देतो."

सोयाबीनला काय भाव मिळायलाय ते मोंढ्यात मीही बघतो. पुढं काय बोलणार?