स्टारला ठेवायचं की सोडायचं : ठेल्यावरून मोफत मार्गदर्शन

समजा, तुम्ही अमेरिकन फुटबॉलच्या एखाद्या संघाचे जनरल मॅनेजर झालात. नागपुरात बसून का होईना. आमच्या धरमपेठेतल्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर असे चार जनरल मॅनेजर रोज सकाळी हजर असतात. सुपर बाऊल, म्हणजे या खेळाची फायनल, आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो; तो संपेस्तोवर ठेल्यावरची दुसरी कढई उतरलेली असते. चेंडू हातात धरून पळतात त्याले फुटबॉल काऊन म्हणतात, हे ठेलेवाल्यानं विचारून झालं आहे. उत्तर कोणाकडेच नाही. पुढे जाऊ.

तर तुमची अडचण अशी : हुकमी खेळाडूचा करार संपत आलाय आणि त्याच्या एजंटनं आकडा टाकलाय, वर्षाला ६ कोटी डॉलर. दचकू नका, डलासच्या संघानं सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या चेंडू फेकणाऱ्या डॅक प्रेस्कॉटला ४ वर्षांचे २४ कोटी दिलेच की. पण तिथल्या लीगनं, म्हणजे एनएफएलनं, प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा घातलीय. १९९४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. त्यात ५३ जणांचा संसार. सावजीच्या पंगतीत एकट्यानंच मटणाचा पाचवा हिस्सा वाढून घ्यावा आणि उरलेल्या ५२ जणांनी रश्श्यात तुकडे शोधावेत, असा प्रकार.

पहिलं काम, कॅल्क्युलेटर ड्रॉवरमध्ये टाका. हिशेब निर्णयानंतर करायचा असतो, आधी नाही. ठेवायचं ठरलं असेल तर म्हणा, “मर्यादा काय, दरवर्षी वाढतेच.” (२०२१ मध्ये कोरोनापायी ती खाली आली होती, हे कोणी काढलंच तर चहा मागवा.) सोडायचं ठरलं असेल तर चेहरा पाडून म्हणा, “मर्यादेत बसत नव्हता हो.” मर्यादा तीच, माणूस तोच. एवढं सोयीचं कारण लग्न मोडणाऱ्यांनाही मिळत नाही.

काहीच ठरत नसेल तर थांबा. नागपूरकराला हे शिकवावं लागत नाही. आपण कूलर मार्चमध्ये बघतो, “सध्या पंख्यावर भागतंय” म्हणतो आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा दुकानदार सांगेल त्या भावाला घेऊन येतो, वर वाळ्याच्या ताट्या वेगळ्या. डलासनं प्रेस्कॉटच्या बाबतीत हेच केलं. २०२० मध्ये त्याला ‘फ्रँचाइझ टॅग’ लावला, म्हणजे त्या जागेवरच्या बड्या पगारांच्या सरासरीएवढे पैसे देऊन वर्षभर अडवून ठेवला. त्या मोसमात त्याचा घोटा मोडला. पुढच्या मार्चमध्ये ४ वर्षांचे १६ कोटी मोजले, आणि मग ते २४ कोटी. वॉशिंग्टननं कर्क कझिन्सला २०१६ आणि २०१७ असा दोनदा टॅग लावला. दोन वर्षं साखरपुडाच चालला, अन् २०१८ मध्ये नवरदेव मिनेसोटाच्या मांडवात.

आता खरी कला. मर्यादा म्हणजे भिंत आहे असं बाहेरच्यांना वाटतं. ती भिंत नाही, उधारीची वही आहे. आमच्या ठेल्यावर एक आहे, लाल पुठ्ठ्याची, कोपऱ्यांना तर्री मुरून पानं पारदर्शक झालेली. खेळाडूला आज ५ कोटींचा बोनस द्या. पैसे आजच त्याच्या खात्यात, पण मर्यादेच्या हिशेबात तो ५ वर्षांवर वाटून, दरवर्षी १ कोटी. करार तेवढ्या वर्षांचा नसेल तर शेवटी पोकळ वर्षं जोडा. त्या वर्षांत तो खेळणार नाही हे त्याला माहीत, तुम्हाला माहीत, लीगलाही माहीत. सगळं कायदेशीर आहे बाप्पा, पोहे आज खा आणि नाव पुढच्या पानावर लिहा.

फक्त माणूस मध्येच गेला की पानं एकदम उलटतात. आमच्यातला एक जण दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेला. ३४० रुपये त्याच्या नावावर तसेच. ठेलेवाला आम्हाला म्हणतो, “तुमच्यासोबतच खाल्ले ना त्यानं?” बिनतोड मुद्दा. डेन्व्हरचंही तेच झालं. त्यांनी २०२२ मध्ये रसेल विल्सनला वाढीव करार दिला, त्यानं संघासाठी एकही सामना खेळण्याआधी. २०२४ च्या मार्चमध्ये काढून टाकलं, वाढीव वर्षं सुरू होण्याआधीच! मर्यादेवर ८ कोटी ५० लाखांचा मृत भार (माणूस गेला, हिशेब राहिला), दोन मोसमांत वाटून. विल्सन पिट्सबर्गकडे गेला, तिथे त्याला साधारण १२ लाख. जेवण त्या घरी, बिल या घरी.

सोडणारे शहाणे ठरतात म्हणावं, तर न्यूयॉर्क जायंट्सकडे बघा. मार्च २०२३ मध्ये त्यांनी चेंडू फेकणाऱ्या डॅनियल जोन्सला ४ वर्षांचे १६ कोटी लिहून दिले आणि चेंडू घेऊन धावणाऱ्या सॅक्वॉन बार्कलीला टॅगवर ठेवलं. धावणाऱ्यावर एवढा खर्च करू नये, गुडघे लवकर जातात, असं शास्त्र सांगतं. शास्त्राला मान देऊन २०२४ मध्ये त्याला जाऊ दिलं. तो गेला फिलाडेल्फियाला, म्हणजे वर्षातून दोनदा समोर उभा राहणाऱ्या शेजाऱ्याकडे. जायंट्सच्याच मैदानावर १७६ यार्ड धावला, मोसमात २,००५, आणि फेब्रुवारीत आपल्या २८ व्या वाढदिवशी सुपर बाऊल जिंकला. जोन्सला तोवर घरी पाठवून झालं होतं. अशा वेळी पत्रकारांना सांगावं, “मर्यादेत बसत नव्हता हो.”

एक खबरदारी तेवढी घ्या. मोसम सुरू होतो तो आपल्या पोळ्याच्या आसपास. तुमचा संघ नागपुरात असता तर तान्ह्या पोळ्याला मारबतीमागून तुमच्याच चेहऱ्याचा बडग्या, म्हणजे जाळायचा पुतळा, निघाला असता.

परवा आमच्यातला सगळ्यात कंजूस जनरल मॅनेजर ठेल्यावर उशिरा आला. खिशातून हात न काढणारा माणूस, त्यानं आल्या आल्या सगळ्यांना दोन-दोन प्लेट सांगितल्या, वर कांदा, शेव, जास्तीची तर्री, समोसे. आम्ही एकमेकांकडे बघितलं. “का बे, लॉटरी लागली का?”

“हैदराबादची बदली आली,” तो म्हणाला आणि ठेलेवाल्याकडे वळला. “लिही माझ्या नावावर.”