पूररेषा नेमकी कुठली, ते आधी सांगा

आज दुपारी कुणीतरी सर्व्हरवरच्या 'डेटा' फोल्डरचं नाव बदलून 'डेटा_नवीन' केलं. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. का केलं म्हणून विचारलं, तर म्हणे जुनं वाटत होतं. नकाशांची यादी काढायचं माझं आठ दिवसांचं काम तिथंच बसलं. डोकं अजून भणभणतंय, म्हणून लिहितोय.

आमच्या सर्व्हरवर कोल्हापूर जिल्ह्याचे ३१२ एमएक्सडी नकाशे आहेत, म्हणजे आर्कमॅप या नकाशाच्या सॉफ्टवेअरच्या फाइली. बारा तालुके, पंधरा वर्षांचं काम. त्यातल्या कुठल्या नकाशाला कुठला डेटा जोडलाय, हे ऑफिसात एकालाही सांगता येत नाही. आर्कमॅपचा सपोर्ट १ मार्च २०२६ ला संपला, आता सगळं आर्कजीआयएस प्रो या नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचंय, आणि प्रो तुटलेले पत्ते तसेच उचलून घेतो. म्हणून कुठला नकाशा कुठला डेटा उचलतो, त्याची आधी यादी पाहिजे. साहेब म्हणाले, "स्क्रिप्ट हाय न्हवं तुझ्याकडं? मग बटण दाब की. संध्याकाळपर्यंत दे."

संध्याकाळपर्यंत!

एमएक्सडीत डेटा नसतोच हो. रंग कुठला, रेषा किती जाड, नाव कुठं लिहायचं एवढंच त्यात असतं. गावं, नद्या, रस्ते कुठून उचलायचे त्याचा फक्त पत्ता असतो. फोल्डर हलला की पत्ता मेला, लेयरपुढं, म्हणजे नकाशातल्या त्या थरापुढं, लाल उद्गारचिन्ह आणि नकाशा रिकामा. नकाशाच्या प्रॉपर्टीजमध्ये रिलेटिव्ह पाथची, म्हणजे पत्ता नकाशाच्या जागेपासून मोजायची, एक चौकट आहे. तिच्यावर टिक असती आणि डेटा नकाशाशेजारीच ठेवला असता, तर सगळं एकत्र उचलून कुठंही नेता आलं असतं. पंधरा वर्षांत ती टिक कुणी केली नाही. त्यामुळं यादीत पत्ते निघतायत ते कुणाच्या डेस्कटॉपचे, कुणाच्या ई ड्राइव्हचे, नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या पोराच्या पेन ड्राइव्हचे. सर्व्हर एकच, पण एका मशीनवर तो झेड ड्राइव्ह आणि शेजारच्या मशीनवर एक्स.

स्क्रिप्ट म्हणजे यादी काढणारा छोटा प्रोग्राम, वीस ओळींचा. फोल्डर धुंडाळायचे, नकाशा उघडायचा, एकेका लेयरचा डेटासोर्स, म्हणजे तो पत्ता, सीएसव्ही तक्त्यात लिहायचा. पण ग्रुप लेयर म्हणजे लेयरांचा नुसता गठ्ठा, त्याला डेटासोर्स नसतो, आधी तपासलं नाही तर तिथंच एरर. मेलेला नेटवर्क पाथ असला की मशीन त्याच्या उत्तराची वाट बघत बसतं. पहिल्या रात्री चालू ठेवून घरी गेलो, सकाळी बघतो तर ११८ व्या नकाशावर थांबलेली. फोल्डरचं नाव होतं 'गडहिंग्लज जुने', देवनागरीत. स्क्रिप्ट लिहायला आर्कमॅपबरोबर पायथन ही भाषा येते, तीही जुनी, २.७. मराठी अक्षरं आधी यूटीएफ-८ मध्ये करून दिली नाहीत तर तिचं सीएसव्ही ती ॲस्कीत, म्हणजे नुसत्या इंग्रजी अक्षरांच्या संचात, लिहायला जातं आणि कोसळतं. त्यावर मला काय ऐकवलं, तर "फोल्डरला मराठी नावं देऊच नका." का देऊ नयेत? गडहिंग्लज आपलं, भाषा आपली. दुरुस्त करायची ती स्क्रिप्ट, आणि ती मी केली.

हे सगळं सोसलं असतं. लाल उद्गारचिन्हाचा मला रागच नाही, ते निदान तोंडावर सांगतं की इथं काहीतरी तुटलंय. तुटलेल्यांची यादी तर आर्कपाय या पायथनच्या जोडणीत एका ओळीत मिळते. माझं डोकं फिरलं ते न तुटलेल्या लेयरनी. करवीर तालुक्याच्या एका नकाशात लेयरचं नाव 'पूररेषा_फायनल'. पूररेषा म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ती रेषा. व्यवस्थित उघडतो, निळा दिसतो, प्रिंटही निघते. यादीत त्याचा पत्ता बघितला तर शेपफाइल, म्हणजे रेषा साठवलेली मूळ फाइल, २०१९ च्या पुराच्या आधीची!

२०१९ ला कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोका पातळी ४३ फूट. २०२१ ला त्याच्याही वर गेलं. चिखली, आंबेवाडीची माणसं घरदार सोडून बाहेर पडली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय. तरी आमच्याकडून बाहेर जाणाऱ्या नकाशावर पुराच्या आधीची रेषा, आणि खाली तारीख मात्र यंदाची. एखाद्यानं तो कागद बघून पंचगंगेकाठी प्लॉट घेतला तर? त्याला कुणी सांगायचं, की बाबा रे, नकाशा नवा आहे पण रेषा जुनी आहे?

मग सगळी यादी 'पूररेषा' या शब्दावर गाळली. ९ वेगवेगळ्या शेपफाइल निघाल्या. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, एवढा मोठा फरक. पण या नऊपैकी कुठली निळी आणि कुठली लाल, ते आत कुठंही लिहिलेलं नाही. शेपफाइलमध्ये कॉलमच्या नावाला दहाच अक्षरं मिळतात, म्हणून नावं अर्ध्यात कापलेली. दोन फाइलींना तर डीबीएफच नाही, म्हणजे रेषेसोबतचा माहितीचा तक्ताच नाही. कुणीतरी व्हॉट्सॲपवर तो तक्ता सोडून बाकीच्या फाइली पाठवल्या आणि समोरच्यानं त्याच सेव्ह करून ठेवल्या. रेषा आली, माहिती गेली.

पत्ते बदलणं अवघड नाही. जुना पाथ, नवा पाथ, एकेका नकाशातले सगळे पत्ते एका कमांडमध्ये फिरवता येतात. पण फिरवू कुठल्या पत्त्यावर? ते स्क्रिप्ट ठरवू शकत नाही. मीही ठरवणार नाही. जलसंपदा खात्यानं आखलेली रेषा कुठली आणि आमच्यातल्याच कुणी हातानं सरकवलेली कुठली, हे ज्यांनी फाइली आणल्या त्यांनी सांगायचं. त्यांना विचारावं तर म्हणतात, "फायनल लिहिलंय की त्यावर." फायनल लिहिलेल्या चार आहेत हो त्यात!

फोल्डरचं नाव मी पुन्हा 'डेटा' केलंय आणि स्क्रिप्ट परत चालू केलीय. उद्या त्या नऊच्या नऊ रेषा एकाच नकाशावर टाकून साहेबांपुढं ठेवणार आहे. खरी कुठली ते सही करून द्या म्हणणार. तोवर माझ्या मशीनवरून पूररेषेची एकही प्रिंट निघणार नाही.