ब्यांग गिरवताना

चिनी शिकताना सुरुवातीला माणसाला उगाच चढते. ‘एक’ म्हणजे एक आडवी रेघ, ‘दोन’च्या दोन, ‘तीन’च्या तीन. हात्तिच्या! पुढे नोकरीसाठी चीनमधल्या शिआन शहरात आलो आणि घराखालच्या खाणावळीच्या पाटीवर ‘ब्यांग’ दिसला.

एका अक्षरात ५८ रेघा! वर छप्पर, त्याखाली ‘बोलणे’, त्याच्या दोन्ही अंगांना रेशमाचे धागे, मग दोन ‘लांब’, त्यांच्यामध्ये घोडा, घोड्याखाली काळीज, डावीकडे चंद्र, उजवीकडे सुरी, आणि हे अख्खं बिऱ्हाड घेऊन खालून ‘चालणे’ निघालेलं. या सगळ्याचा मिळून अर्थ काय? नूडल्स. तोही धड नाही. पदार्थाचं नाव ‘ब्यांग-ब्यांग म्यान’. म्हणजे ११६ रेघा ओढल्यावरही नूडल्सचा ‘म्यान’ वेगळा लिहायचाच!

उच्चार विचारला, तर माझ्या शिक्षिकेने हात वर केले. प्रमाण चिनीत हा उच्चारच बसत नाही. शेवटी खाणावळीच्या आयीला गाठलं. (इथे आईच्या वयाच्या बाईला ‘आयी’ म्हणतात. हा एक शब्द मला कुणी शिकवावा लागला नाही.) तिने कमरपट्ट्याएवढी रुंद कणकेची पट्टी ताणून ओट्यावर आपटली. “हा उच्चार!” मी म्हणून दाखवला. “पडला. वर ने.” संशयाने ‘हंऽ?’ म्हणतो तसा सूर चढवायचा होता. मी चढवत होतो, ती आपटत होती, आणि मागची गिऱ्हाइकं भुकेने कावली होती.

लिहायला इथे एक गाणं आहे. ठिपका आभाळात उडतो, पीत नदी दोहीकडे वळते, असं करत शेवटी गाडा ढकलत शेजारच्या श्यानयांग शहराला जायचं. माझा गाडा घोड्यापाशीच अडायचा. घोडा इतका ऐसपैस बसायचा की काळजाला चौकटीत जागाच उरायची नाही.

दंतकथा अशी, की एका कंगाल विद्वानाने नूडल्सच्या पैशांऐवजी हे अक्षर रचून दिलं. तो फुकट जेवला, फेडतोय मी! १७१६ सालच्या कांगशी शब्दकोशात ४७ हजारांवर अक्षरं आहेत, त्यांत हे नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक-मोबाइलच्या अक्षरयादीत, यायला २०२० उजाडलं. त्याचं ‘सोपं’ रूपही आहे. रेघा ४२.

आता ऑफिसातले शिआनचेच लोक मला ते लिहून दाखवायला सांगतात. मी सांगतो, आधी एक वाडगा मागवा, वरून कडकडीत तेल ओतलेला. मग लिहितो. बरोबर आहे का, हे ताडायला ते मोबाइल काढतात. तिथे रिकामा चौकोन उमटतो, आणि नाइलाजाने माझंच खरं धरावं लागतं.