कूपर फ्लॅगचे पॉइंट मोजू नका

परवा नागपूरहून भाच्याचा मेसेज आला. "मामा, तुझ्या फ्लॅगनं शेवटचा शॉट घालवला, टीम हरली. मग तो नंबर वन कसा काय?" पोरगा चौदा वर्षांचा आहे, शाळेच्या टीममधून खेळतो, सगळे हायलाइट्स तोंडपाठ असतात त्याला. फ्लॅग म्हणजे कूपर फ्लॅग, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू, यंदाच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरसाठी ज्याचं नाव घेतलं जातंय तो. दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो आणि हात थांबेना. तेच इथे टाकतोय.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे लिहितोय तेव्हा जून २०२५ चालू आहे; २५ तारखेला ब्रुकलिनमध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) आहे. आयपीएलसारखी इथे बोली लागत नाही. संघ ओळीने एकेक खेळाडू उचलतात, आणि ज्या नंबरवर निवड झाली त्याप्रमाणे पहिल्या कराराचा पगार जवळपास ठरलेलाच असतो. पहिला नंबर कुणाचा, ते सोडतीत ठरतं. यंदा १२ मेला डॅलस मॅव्हरिक्सची चिठ्ठी निघाली. शक्यता होती फक्त १.८ टक्के. फेब्रुवारीत आपला लाडका स्टार लुका डोन्चिच याला लेकर्स संघाकडे पाठवल्यापासून ज्या गावातले लोक सुतकात होते, त्यांच्याच दारात फ्लॅग येऊन उभा राहिला. (हेच ते डॅलस, ज्यांनी २०१५ मध्ये ५२व्या नंबरवर आपल्या सतनाम सिंगला निवडलं होतं. त्या रात्री मी घरात एकटाच ओरडत होतो.)

आता फ्लॅग. मेन राज्यातलं न्यूपोर्ट, तीनेक हजार वस्तीचं गाव. २१ डिसेंबर २००६ चा जन्म, म्हणजे आत्ता कुठे साडेअठरा वर्षांचा. आई केली मेन विद्यापीठाकडून खेळायची. १९९९ साली त्या छोट्या संघानं राष्ट्रीय स्पर्धेत स्टॅनफर्डला हरवलं, त्यात ती होती. वडीलही खेळाडू. जुळा भाऊ एस, तोही खेळतो. गावातल्या नोकोमिस शाळेला कूपरनं नववीतच राज्याचं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं, मग फ्लोरिडातल्या मॉन्टव्हर्ड अकॅडमीत गेला, तिथे शेवटच्या वर्षी संघ ३३ पैकी ३३ सामने जिंकला. एक वर्ष आधीच शाळा आटोपून ड्यूकला आला. त्याच्या वयाची बरीच मुलं तेव्हा बारावीच्या वर्गात बसली होती.

ड्यूकच्या एका वर्षात सरासरी १९.२ पॉइंट, ७.५ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), ४.२ असिस्ट (बास्केट करून देणारा पास), शिवाय सामन्यामागे १.४ स्टील (समोरच्याचा चेंडू काढून घेणं) आणि १.४ ब्लॉक (शॉट हवेत अडवणं). पॉइंट, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक या पाचही गोष्टींत तो आपल्या संघात पहिला होता. वर्षातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू तोच ठरला. पहिल्याच वर्षी एपी या वृत्तसंस्थेचा हा मान त्याच्याआधी फक्त तिघांना मिळाला होता: केविन ड्युरंट, अँथनी डेव्हिस आणि झायन विल्यमसन.

पण भाच्याला आकडे ठाऊकच आहेत. मला सांगायचंय ते वेगळं आहे.

मी दहावीत असताना आमच्याकडे जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी झाली. सिमेंटचं कोर्ट, मे महिना, सकाळी आठलाच तळपायाला चटके. निवड करणारे तिघं खुर्च्या टाकून बसले होते, एकाच्या मांडीवर डायरी. कुणी बास्केट केली की तो डायरीत एक रेघ मारायचा. एवढंच. माझ्या नावापुढे बऱ्याच रेघा पडल्या. माझा जोडीदार, माझ्यापेक्षा चार बोटं उंच, काडीसारखा पोरगा, त्याच्या नावापुढे दोन. पण माझ्या निम्म्या बास्केट त्याच्यामुळे झाल्या होत्या. रिबाउंड तो काढायचा, समोरच्याला तो अडवायचा, माझा माणूस (ज्याला मी अडवायचं तो) सुटला की धावत येऊन तोच आडवा उभा राहायचा. मला घेतलं, त्याला नाही. सायकली हातात धरून घरापर्यंत चालत गेलो आम्ही, एक शब्द बोललो नाही. पुढच्या वर्षी त्यानं खेळणंच सोडलं. ती डायरी अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून सांगतो, फॉरवर्ड (फ्लॅगसारखा, बास्केटच्या जवळ आणि बाजूंनी खेळणारा उंच खेळाडू) पारखायचा असेल तर चेंडू त्याच्या हातात नसताना बघा.

मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलला राहतो. ड्यूकचं कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम इथून गाडीनं वीस-पंचवीस मिनिटांवर. पण तिकीट मिळणं म्हणजे नशीब, जेमतेम नऊ हजार माणसं मावतात तिथे. ११ जानेवारीला ऑफिसातल्या एकाच्या कृपेनं नोत्र दामविरुद्धच्या मॅचचं एक तिकीट हाती लागलं. वरच्या मजल्यावर, अगदी कोपऱ्यात. त्या दिवशी फ्लॅगनं ४२ पॉइंट केले, एसीसीमध्ये (ड्यूक ज्या कॉलेज गटात खेळतं तो) पहिल्या वर्षाच्या खेळाडूनं केलेले सर्वांत जास्त. १४ शॉटपैकी ११ आत, १७ फ्री थ्रोपैकी (फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट) १६. आजूबाजूचे लोक खुर्चीवर टेकायला तयार नव्हते.

मी मात्र वरून त्याचे पाय बघत होतो. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे पळतो, त्यामुळे हे दिसतच नाही. चेंडू पलीकडच्या कोपऱ्यात असतो, फ्लॅगचा माणूस अलीकडे, लांब. अशा वेळी बहुतेक पोरं आपल्या माणसाला चिकटून तरी राहतात, नाहीतर चेंडूकडे बघत बसतात. हा एक पाय लेनमध्ये (बास्केटसमोरच्या आखलेल्या चौकोनात) टाकून, गुडघे वाकवून उभा. एक हात आपल्या माणसाच्या दिशेनं, एक चेंडूच्या दिशेनं, मान दोन्हीकडे फिरतेय, आणि तोंड अखंड चालू. कुणी कुठे जायचं, कुणी कुणाला घ्यायचं, हा सांगतोय. वय अठरा, आणि संघात तीन-तीन वर्षं खेळलेले गडी. "एक हात माणसावर, एक हात बॉलवर!" आमचे सर नागपुरात घसा सुकेपर्यंत हेच ओरडायचे. आम्ही दोन मिनिटं करायचो आणि विसरायचो. हा पोरगा ४२ पॉइंट करायच्या दिवशीही विसरत नव्हता.

याचा फायदा कसा होतो ते नीट समजून घ्या. पुढच्या गार्डला (बास्केटपासून लांब, चेंडूसमोर खेळणाऱ्या गड्याला) ठाऊक असतं की आपण चुकलो तरी मागे फ्लॅग आहे, त्यामुळे तो चेंडूवर जास्त धाडसानं तुटून पडतो. म्हणजे फ्लॅगचा डिफेन्स दुसऱ्याच्या नावावर जमा होतो. डायरीत त्याची रेघ पडत नाही. २०२२ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपचा अंतिम सामना बघा, स्पेनविरुद्ध, स्पेनमध्येच. पॉइंट फक्त १०, पण रिबाउंड १७ आणि स्टील ८. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता.

ड्राफ्टच्या इतिहासात पॉइंट मोजणारे अनेकदा फसलेत. २०१७ ला फिलाडेल्फियानं बॉस्टनशी अदलाबदल करून पहिला नंबर घेतला आणि मार्केल फुल्ट्झला उचललं. वॉशिंग्टन विद्यापीठाकडून त्याची सरासरी होती २३.२ पॉइंट, संघानं मात्र वर्षभरात नऊच सामने जिंकले होते. बॉस्टननं तिसऱ्या नंबरवर ड्यूकचाच फॉरवर्ड घेतला, सरासरी १६.८. त्याचं नाव जेसन टेटम, पुढे बॉस्टनचा मोठा स्टार झालेला. फुल्ट्झच्या खांद्यानं दगा दिला हे खरं, त्या पोराबद्दल मला वाईटच वाटतं. पण फॉरवर्डच्या खेळाला किती बाजू असतात, ते टेटमनं दाखवून दिलं. शरीराची मापं काढणारेही फसतात. २००७ मध्ये ड्युरंटला, जो पुढे एनबीएतला दिग्गज ठरला, १८५ पाउंडांचा बार एकदाही उचलता आला नव्हता. त्यावरून किती चर्चा झाली! पोर्टलँडनं त्याच्याआधी ग्रेग ओडनला घेतलं, आणि गुडघ्यांमुळे ओडन एनबीएत सगळे मिळून १०५ सामने खेळू शकला.

यंदाही काही लोक एस बेलीचं नाव घेतात. रटगर्स विद्यापीठाचा फॉरवर्ड, हवेत उडी घेऊन अंगावरच्या माणसावरून शॉट मारणं बघावं तर त्याचंच. १७.६ ची सरासरी आहे. पण असिस्ट सामन्यामागे १.३. फ्लॅगचे ४.२. एवढ्या उंचीचा, सहा फूट नऊ इंचांचा माणूस धावता धावता कोपऱ्यातला मोकळा गडी बघतो आणि वेळेवर पास देतो, ही गोष्ट शिकवून येत नाही. मला तरी त्या दोघांत निवड करायला एक मिनिटही लागणार नाही.

दुसरी गोष्ट, पोरगा शिकतो किती लवकर. १२ नोव्हेंबरला अटलांटात केंटकीविरुद्ध २६ पॉइंट आणि १२ रिबाउंड केले, पण बरोबरीत असताना शेवटच्या काही सेकंदांत चेंडू घेऊन घुसला आणि ओटेगा ओवेनं हातातून काढून घेतला. त्यानंतर पुन्हा एकदा चेंडू गमावला. ड्यूक ७७-७२ ने हरलं. सुरुवातीच्या त्या महिन्यांत त्याचे थ्रीही (लांबून मारलेले तीन पॉइंटचे शॉट) पडत नव्हते, "शूटिंग नाही" असं सगळीकडे लिहून आलं. वर्ष संपलं तेव्हा थ्रीची टक्केवारी ३८.५ आणि फ्री थ्रोची ८४. जुने प्रशिक्षक फ्री थ्रोकडे आधी बघतात, कारण तिथे अंगावर कुणी नसतं, हाताचं वळण स्वच्छ दिसतं. ८४ टक्के म्हणजे हात चांगला आहे, थ्री आज ना उद्या पडणारच. मार्चमध्ये अ‍ॅरिझोनाविरुद्ध ३० पॉइंट, ७ असिस्ट, ६ रिबाउंड, ३ ब्लॉक. केंटकीच्या वेळी डोकं खाली घालून घुसणारा पोरगा तिथे गर्दीत शिरायचा, थांबायचा, बघायचा आणि मग ठरवायचा. चार महिन्यांत एवढा फरक! घोकंपट्टीनं हे होत नाही, आपली चूक पुन्हा पुन्हा बघायची तयारी लागते.

उणिवा आहेत, त्या लपवणार नाही. दाटीत ड्रिबल (चेंडू आपटत नेणं) अजून उंच राहतो, हात चालवणारा चपळ गार्ड अंगाशी आला की त्याची अडचण होते. स्वतःचा शॉट स्वतः तयार करण्यात तो ड्युरंटच्या जवळपासही नाही. आणि ड्यूकचा संघ भारी होता, ३५ विजय, ४ पराभव. बाजूला कॉन नूपेलसारखा शूटर, मागे सात फूट दोन इंचांचा खमन मलुआक. एनबीएत पहिल्याच वर्षी असा आधार कायम मिळेलच असं नाही. त्यामुळे पहिल्या दोन-तीन महिन्यांत आकडे कमी दिसले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आता तो शेवटचा शॉट. ५ एप्रिल, सॅन अँटोनिओ, राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेचा ह्यूस्टनविरुद्धचा उपांत्य सामना. दुसऱ्या हाफमध्ये ड्यूक १४ नं पुढे होतं. पण शेवटच्या दहाएक मिनिटांत संपूर्ण संघाची एकच बास्केट झाली, आणि तो थ्रीसुद्धा फ्लॅगचाच. एक पॉइंट पुढे असताना ड्यूकचा फ्री थ्रो हुकला, रिबाउंडला जाताना फ्लॅगचा फाउल दिला गेला, जे'वॉन रॉबर्ट्सनं दोन्ही फ्री थ्रो टाकले. ह्यूस्टन ६८, ड्यूक ६७. सगळ्यांना माहीत होतं चेंडू कुणाकडे जाणार. फ्लॅग लेनमध्ये आला, वळला, रॉबर्ट्सच्या हातावरून शॉट घेतला. रिंगच्या अलीकडे पडला. ७०-६७.

मी ती मॅच घरी बघितली, नंतर दोनदा पुन्हा बघितली. शॉट चांगला होता. जागा बरोबर, तोल बरोबर, लांबी थोडी कमी पडली. त्याच रात्री त्याचे २७ पॉइंट होते. तेवढ्या एका चेंडूवरून पोराचं मोल ठरवणं म्हणजे पुन्हा ती डायरीच की! खरं तर त्या सामन्यात मला जास्त खटकलं ते वेगळंच. शेवटी शेवटी ड्यूकचे बाकीचे गडी उभे राहून त्याच्याकडे बघत होते. दिवसभर सगळ्यांना सांभाळणाऱ्या माणसाला शेवटच्या दोन मिनिटांत एकट्याला सोडून दिलं.

डॅलसबद्दल माझी काळजीही हीच आहे. त्यांचा गार्ड कायरी अर्व्हिंगचा गुडघा मार्चमध्ये गेला, चेंडू खेळवणारा माणूस नाही, आणि गावाला लुका हवाय. उद्या या पोराच्या हातात चेंडू देऊन "आता तूच लुका बन" म्हटलं तर ते चूक ठरेल. त्याला संघातल्या अँथनी डेव्हिसच्या बाजूला फॉरवर्ड म्हणून खेळवा, डिफेन्सची चावी त्याच्याकडे द्या, चेंडू चौथ्या-पाचव्या पासाला त्याच्याकडे येऊ द्या. दोन वर्षांत तो स्वतःच सगळं हातात घेईल.

तर भाचेबुवा, एक काम कर. अ‍ॅरिझोनाची मॅच पुन्हा लाव. पूर्ण मॅच, हायलाइट्स नाही. चेंडूकडे बघायचं नाही, फक्त दोन नंबरची जर्सी बघायची. कागद घे, आणि चेंडू दुसऱ्याकडे असताना त्यानं आपल्या संघाचं काम किती वेळा सोपं केलं, तेवढ्याच रेघा मार. पहिल्या हाफचा कागद मला पाठव, मग फोनवर बोलू. आणि २६ तारखेला पहाटे साडेपाचचा गजर लाव, तिकडे तेव्हा ड्राफ्ट सुरू होईल. आईला मी सांगतो.