नुसतं नाव तर बदललंय

"नुसतं नाव तर बदललंय" असं म्हणणाऱ्या माणसाला सर्व्हरच्या खोलीत बसवून एसी बंद करायला हवा.

आमच्याकडे परवा वरच्या मजल्यावर ठरलं की डिस्कचं 'स्टोरेज' हे नाव जुनाट वाटतं, आता 'स्टोरेज_न्यू' म्हणायचं. बिस्किटं संपली, मीटिंग संपली. खाली माझ्या स्क्रीनवर शेकडो सिम्बॉलिक लिंका एका दमात लाल झाल्या, म्हणजे तुटल्या. आमचे सर्व्हर ज्यावर चालतात त्या लिनक्समध्ये अशी लिंक म्हणजे 'माल अमुक गाळ्यात मिळेल' एवढंच लिहिलेली पाटी. दुकान हललं, तर पाटीला त्याचा पत्ताही नसतो.

अकाउंट्सचे काका नेमके तेव्हाच आले. जीएसटीचं फोल्डर उघडत नव्हतं. बसा म्हटलं तर बसले नाहीत, खुर्चीमागे उभेच राहिले.

"काय गं, एवढं लाल काय आहे?"

"दुकान हललंय काका. पाट्या जुन्याच आहेत."

"मग खोड आणि नवा पत्ता लिही की."

"खोडता येत नाही. एकदा लिंक झाली की आतलं एक अक्षरसुद्धा बदलत नाही. ती काढून टाकायची आणि त्याच नावाची नवी लावायची."

"हे कुणी ठरवलं?"

"या लिंका युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या पूर्वजात, आणल्या बर्कली विद्यापीठाच्या लोकांनी. त्यांच्या 4.2 बीएसडी या आवृत्तीत, 1983 साली."

काकांनी मनात काहीतरी वजाबाकी केली. "त्र्याऐंशी! म्हणजे कपिलने कप उचलला तेव्हापासून आजपर्यंत एकालाही खोडरबर सुचलं नाही?"

मग त्यांची नजर परवानग्यांच्या रकान्यावर गेली. तिथे प्रत्येक लिंकेपुढे, वाचा-लिहा-चालवा, सगळ्यांना सगळी मुभा असं छापलेलं असतं. "लिहायची मुभा आहे म्हणतेस, आणि लिहिता येत नाही म्हणतेस. मग छापता कशाला?" मी म्हटलं, ती मुभा कुणी विचारातच घेत नाही, खरी परवानगी मूळ फाइलची बघतात. यावर काका फक्त "हं" म्हणाले. ऑडिटरला म्हणतात तसंच.

वास्तविक 'रीनेम' नावाच्या एका कमांडमध्ये लिंकेचं लक्ष्य बदलायची सोय आहे. पण उबंटू या लिनक्सच्या प्रकारात त्याच नावाने मिळते ती भलतीच कमांड, पर्ल या भाषेत लिहिलेली. एवढं मोठं जग, आणि नावं मात्र अपुरी! आणि आमच्या सर्व्हरवर अर्थात उबंटू.

एवढ्यात साहेबांचा व्हॉट्सअॅप आला. कुठूनतरी उचललेली स्क्रिप्ट, खाली "हे चालव, झालं", त्याखाली जोडलेले हात. पद्धत बरोबर होती: 'फाइंड'ने लिंका शोधायच्या, 'रीडलिंक'ने पत्ता वाचायचा, जुन्या नावाच्या जागी नवं घालायचं, लिंक लावणाऱ्या 'एलएन' कमांडने पुन्हा ठोकायचं. पण 'एलएन'पुढे 'एसएफ' होतं, 'एसएफएन' नव्हतं. तो शेवटचा 'एन' गाळला आणि लिंक एखाद्या चालू फोल्डरकडे जात असली, की 'एलएन' पाटी बदलत नाही. दुकानात शिरून आत दुसरी पाटी टांगून येतं. शिवाय फोनने सरळ अवतरणचिन्हं वळणदार करून टाकली होती, आणि ती शेल, म्हणजे कमांडा वाचणारा प्रोग्रॅम, ओळखत नाही. त्यात स्क्रिप्ट चुकून दुसऱ्यांदा चालली, तर 'स्टोरेज_न्यू_न्यू'. हे सगळं दुरुस्त करायचं आणि वर "थँक यू सर" लिहायचं. लिहिलं.

मी आधी नुसती यादी छापून बघितली, काहीही न बदलता. एका ओळीचे पाच तुकडे पडले होते. फोल्डरचं नाव: 'जीएसटी फायनल नवीन (2) खरं'.

"काका, नावात मोकळी जागा ठेवू नका, असं सांगितलं होतं ना?"

"का बरं?"

"शेलला ते वेगवेगळे शब्द वाटतात."

"ते वेगवेगळे शब्दच आहेत."

"हो, पण..."

"उद्या म्हणशील, नाव-आडनाव चिकटवून लिहा. आणि कंसातला दोन काढायचा नाही हं. एक चुकीचा होता."

"मग 'खरं' कशासाठी?"

"दोनसुद्धा चुकीचा निघाला."

मी स्क्रिप्टमध्ये पत्त्याभोवती अवतरणचिन्हं घातली, म्हणजे शेल तो एकच शब्द धरतं. काकांच्या नावाला हात लावला नाही. त्यांच्याशी भांडण्यापेक्षा शेलशी भांडणं सोपं. स्क्रिप्ट चालवली, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळ्या लिंका निळ्या झाल्या. काका चष्मा वर करत म्हणाले, "एवढंच? मग सकाळपासून काय करत होतीस?"

हा प्रश्न काकांनी विचारला तेव्हा हसू आलं. साहेबांनी विचारला तेव्हा आलं नाही. त्यांनी वर कळवलं की नाव बदलण्याचं काम सुरळीत पार पडलं. हे आपोआप होतं अशी तिथे समजूत आहे, आणि पुढच्या तिमाहीत 'न्यू' काढायचं घाटतंय.

टाइमशीटमध्ये या कामाला रकाना नाही. मी 'इतर' लिहून तास भरले. आज ती परत आली आहे, लाल शेरा मारून: "इतर म्हणजे काय? तपशील द्या."