‘सहा महिने फिट आली नाही, आता गोळी बंद करा’: या मेसेजला माझं उत्तर

नवरात्र तोंडावर आलं आणि बडोद्यातल्या आमच्या मराठी ग्रुपांवर पुन्हा तो लांबलचक मेसेज फिरायला लागला, ‘मिरगी मुळापासून घालवा’. त्याचा मजकूर थोडक्यात असा: फिट आली की नाकाशी कांदा नाहीतर चप्पल धरा, दातांत चमचा घाला. इंग्रजी गोळ्यांनी मेंदू मंद होतो, म्हणून सहा महिने फिट आली नाही की त्या बंद करा. कोबीतला किडा डोक्यात जातो, कोबी सोडा. अशा मुलांना गरब्याला आणि गच्चीवर पाठवू नका. मुलीचं लग्न ठरवताना आजाराबद्दल बोलू नका आणि गोळ्या त्याआधीच थांबवा.

माझ्या लेकीला नववीपासून फिटचा आजार आहे. आज ती सयाजीराव विद्यापीठात शिकते आणि गोळ्यांवर तिचं उत्तम चाललंय. हा मेसेज मला पाठवणारी माणसं प्रेमापोटी पाठवतात हे मला माहीत आहे. पण यातली काही वाक्यं जिवावर बेतणारी आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

कांदा आणि चप्पल. बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपली आपणच थांबते. कोणी धावत जाऊन कांदा आणेपर्यंत ती ओसरत आलेली असते आणि श्रेय कांद्याला मिळतं. चमच्याने मात्र दात तुटतात, हिरड्या फाटतात, घालणाऱ्याचं बोट चावलं जातं. फिटमध्ये माणूस जीभ गिळतो हे खरं नाही. जीभ चावली जाऊ शकते, गिळली जात नाही. तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. घड्याळात वेळ बघा, आजूबाजूच्या वस्तू दूर करा, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा आणि झटके थांबले की कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर येईल. नीट शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नका. पाच मिनिटं उलटली, शुद्ध यायच्या आत दुसरी फिट आली, पहिलीच फिट असेल किंवा बाई गरोदर असेल, तर लगेच १०८ लावा.

आणखी एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. प्रत्येक फिटमध्ये माणूस पडत नाही. माझी लेक बोलता बोलता थांबायची. नजर एका जागी लागायची, ओठ काही चघळल्यासारखे हलायचे आणि उजव्या हाताने ओढणीचं टोक चिमटीत धरून चुरगळत राहायची. हाक मारली तरी ओ नाही. मिनिटभराने भानावर यायची, ‘काय म्हणत होते मी?’ असं विचारायची आणि झोपून जायची. शाळेच्या वहीवर तेव्हा ‘लक्ष नसते’ हा शेरा येत होता. हीही फिटच असते आणि तिलाही औषध लागतं.

आता सहा महिन्यांचं वाक्य. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. सहा महिने फिट आली नाही, ती गोळी चालू होती म्हणूनच. ही गोळी तापाच्या गोळीसारखी नाही. रक्तात तिचं प्रमाण टिकून राहतं तोवरच ती फिट रोखते. डोस चुकले की प्रमाण घसरतं आणि फिट परतते. गोळ्या एकदम बंद केल्या तर एकामागून एक न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात, आणि त्यात माणूस दगावूही शकतो.

मग गोळ्या जन्मभर घ्यायच्या का? तसंही नाही. किमान दोन वर्षं फिट न आलेल्या १०१३ जणांचा ब्रिटनमधला एक अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. काहींची औषधं तशीच चालू ठेवली, काहींची हळूहळू कमी करत थांबवली. पुढच्या दोन वर्षांत औषध चालू असलेल्यांपैकी ७८ टक्के जणांना फिट आली नाही, थांबवलेल्यांपैकी ५९ टक्के जणांना. म्हणजे बऱ्याच जणांचं औषध सुटू शकतं, पण धोका वाढतो. म्हणून तो निर्णय न्यूरॉलॉजिस्टनेच, म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञानेच, फिटचा प्रकार, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख), एमआरआय बघून घ्यायचा आणि डोस काही महिन्यांत थोडा थोडा उतरवायचा. काही प्रकारांत, उदाहरणार्थ ज्यात सकाळी उठल्यावर हात झटकतात आणि दात घासताना ब्रश उडतो, गोळी थांबवली की बहुतेकांची फिट परत येते.

आमच्या घरी आठवड्याच्या खणांची डबी आहे, खण रिकामा झालाय का ते रात्री कोणीतरी बघतंच. गोळी विसरली तर आठवल्यावर घ्यायची, पण पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन एकदम नाही. दिवाळीनंतर इथे लाभपाचमेपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, बाजार अर्धा बंदच असतो, म्हणून पंधरा दिवसांच्या पट्ट्या आधीच आणून ठेवते. ‘तेच औषध आहे’ म्हणत दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची पट्टी दिली तर आधी डॉक्टरांना फोन. सर्दी-जुलाबासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो तरी फिटच्या गोळ्यांचं नाव पहिल्यांदा सांगतो, कारण ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स फिटचा धोका वाढवू शकतात.

गोळ्यांनी मेंदू मंद होतो, यात थोडं तथ्य आहे आणि ते नाकारू नये. फेनोबार्बिटोनने सुस्ती येते, फेनिटॉइनने हिरड्या सुजतात, व्हॅल्प्रोएटने वजन वाढतं, केस गळतात, लेव्हेटिरासेटामने काहींची चिडचिड वाढते. लेकीचंही पहिलं औषध तिला वर्गात पेंगवत होतं. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी औषध बदललं. आज वीसहून जास्त औषधं आहेत. एक सोसलं नाही तर दुसरं आहे. नेहमीची बरीच औषधं जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की योग्य निदान आणि उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटमुक्त जगू शकतात. दोन योग्य औषधांनीही फिट थांबत नसतील तर मोठ्या केंद्रात शस्त्रक्रियेसाठी तपासणी करून घ्यावी. मेंदूला आणि जिवाला खरा धोका वारंवार येणाऱ्या मोठ्या फिटचा असतो.

कोबीचं म्हणाल तर किडा कोबीत जन्मत नाही. डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, हातांवर, कच्च्या भाजीवर येतात आणि पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊ शकतात. म्हणून शाकाहारी घरांतही हा आजार दिसतो. हात धुवा, कच्ची भाजी नीट धुवा. शिजवलेला कोबी खुशाल खा. आणि फिटचं हे अनेक कारणांपैकी एकच कारण आहे.

गरबा. बडोद्याच्या मुलीला नवरात्रात घरात बसवायचं म्हणजे शिक्षाच. फिटला निमित्त होतं ते मुख्यतः जागरण आणि चुकलेला डोस. लेक चनियाचोळी घालण्याआधी गोळी घेते, पोटभर जेवते, नऊच्या नऊ रात्री जात नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा तास सोडून झोप भरून काढते. तिच्या घोळक्यातल्या दोघींना काय करायचं ते ठाऊक आहे. लुकलुकत्या दिव्यांनी फिट येणारे रुग्ण शंभरात तीनेक असतात. आपण त्यातले आहोत का ते ईईजी काढताना कळतं. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या वेळी, ती गच्चीवर असते, पण कठड्यापासून लांब फिरकी धरून. न्हाणीघराला आतून कडी नाही, अंघोळ बादलीनेच. स्कूटर ती चालवत नाही. लायसन्सच्या अर्जात फिटबद्दल थेट प्रश्न असतो आणि तिथे खोटं लिहिणं म्हणजे रस्त्यावरच्या दुसऱ्याच्या लेकराशी खेळ.

राहिलं लग्न. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी मिरगी एके काळी लग्नाच्या आड येत होती. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. आई-वडिलांपैकी एकाला फिट येत असली तरी बहुतेक मुलांना ती येत नाही. लपवून लग्न केलं की मुलगी सासरी गोळ्याही लपवून घेते, मग चुकवते, मग फिट येते. आम्ही स्थळ आलं की पहिल्या बैठकीतच सांगणार आहोत, हे लेकीनेच ठरवलंय.

आणि लग्नासाठी गोळ्या थांबवणं तर नकोच. गरोदरपणातली मोठी फिट आई आणि बाळ दोघांना धोक्याची. मात्र काही औषधं आधी बदलावी लागतात. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतलं तर दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं, आणि दहातल्या तीन-चार बाळांच्या वाढीत-शिकण्यात अडचणी येतात. म्हणून लग्न ठरलं की मुलगा-मुलगी दोघांनी मिळून न्यूरॉलॉजिस्टकडे जावं. मूल हवं असेल तर कित्येक महिने आधी औषध आणि डोस ठरवून घ्यावा, फोलिक ॲसिड सुरू करावं. लगेच मूल नको असेल तर तेही तिथेच बोलावं, कारण कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा धरता येत नाही.